थाळीतले लोह आणि मूठभर रानमेवा

दिवाळीच्या सुमारास बाजारात आवळे येतात. थंडीत बोरे येतात. उन्हाळ्यात डोंगरउतारावरच्या जाळ्या करवंदांनी काळ्याभोर होतात आणि पावसाच्या तोंडावर जांभळाखाली सडा पडतो. अशा लहान फळांना इंग्रजीत सरसकट ‘बेरी’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञांचा हिशेब मात्र वेगळा आहे. त्यांच्या मते करवंद आणि जांभूळ ही खरी मृदुफळे, म्हणजेच बेरी होत. बोर आणि आवळा यांच्या आत कठीण आठळी असते, म्हणून ती अश्मगर्भी फळे. टोमॅटो आणि वांगे हीसुद्धा मृदुफळेच. पण स्ट्रॉबेरी, नावात ‘बेरी’ असूनही, त्यांत बसत नाही!

नाव काहीही असो, ही फळे खाल्ल्याने शरीराला काय मिळते, ते आपण पाहू.

हिसारचा दुष्काळ

१९३९-४० साली त्या वेळच्या पंजाब प्रांतातील हिसार भागात मोठा दुष्काळ पडला. हिसार आज हरियाणात आहे. ताजी भाजी आणि फळे मिळेनाशी झाली आणि लोकांना स्कर्व्ही हा रोग होऊ लागला. या रोगात हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, दात हलू लागतात आणि जखमा लवकर भरत नाहीत. त्या वेळी वाळवलेल्या आवळ्याची पूड रोग्यांना देण्यात आली आणि तिचा चांगला गुण आला.

हा रोग दर्यावर्दी लोकांच्या फार जुन्या ओळखीचा. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील वैद्याने स्कर्व्ही झालेले १२ खलाशी निवडले. त्यांच्या दोघादोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला त्याने वेगळा उपचार दिला. ज्या जोडीला संत्री व लिंबे मिळाली, ती सर्वांत लवकर बरी झाली. या फळांतला गुणकारी पदार्थ म्हणजे क जीवनसत्त्व, हे कळायला मात्र विसाव्या शतकातील तिसरे दशक उलटावे लागले.

गाय, शेळी, कुत्रा हे प्राणी आपल्या यकृतात क जीवनसत्त्व स्वतः तयार करतात. माणसाला ते जमत नाही. आपल्याला ते अन्नातूनच मिळवावे लागते आणि त्याचा मोठा साठाही शरीरात राहत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम आवळ्यात सुमारे २५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. संत्र्यापेक्षा हे कितीतरी पटींनी अधिक आहे. मोठ्या माणसाची रोजची गरज सुमारे ८० मिलिग्रॅम. म्हणजे एक मध्यम आकाराचा आवळा दिवसाला जवळजवळ पुरतो!

लोहाचा सोबती

आज स्कर्व्ही क्वचितच दिसतो. मग क जीवनसत्त्वाची एवढी चिंता कशाला? कारण दुसरा एक रोग घरोघरी आहे, तो म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. मुलांतही हे प्रमाण ३१ टक्के होते. लवकर दम लागणे, थकवा येणे, अभ्यासात लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे. आहारातील लोहाची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

तुम्ही म्हणाल, बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी यांत लोह असतेच की! असते, पण ते पोटात गेले म्हणजे रक्तात गेले असे नव्हे. वनस्पतिजन्य अन्नातील लोह बहुतांशी फेरिक रूपात असते आणि धान्य-डाळींतील फायटेट नावाचे पदार्थ त्याला धरून ठेवतात. त्यामुळे त्याचा थोडाच भाग आतड्यांत शोषला जातो. येथे क जीवनसत्त्व कामी येते. ते फेरिक लोहाचे ‘क्षपण’ करून त्याचे फेरस लोह बनवते आणि ते विरघळलेले ठेवते. रसायनशास्त्राच्या तासाला शिकलेली ही अभिक्रिया तुमच्या पोटात रोज घडू शकते. अट एवढीच, की दोन्ही पदार्थ एकाच वेळी पोटात असले पाहिजेत. म्हणून आवळ्याची फोड, पेरू किंवा लिंबाची पिळणी जेवणासोबत घ्यावी. उलट जेवणावर लगेच चहा घेतल्यास त्यातील टॅनिन लोहाला अडवते. चहा तास-दीड तासाने घ्यावा.

क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने व हवेने नष्ट होते. म्हणून फळ कापून फार वेळ ठेवू नये. मोरावळा रुचकर खरा, पण कच्च्या आवळ्याची सर त्याला नाही.

मात्र एक लक्षात ठेवा. रक्तक्षय असेल तर रक्त तपासून डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळीऐवजी आवळा चालणार नाही. जांभळाने मधुमेह बरा होतो असेही पुष्कळदा ऐकू येते. त्यावर संशोधन चालू आहे. पण जांभळे खाऊन कोणी औषध बंद करू नये. फळ हे अन्न आहे, औषधाचा पर्याय नव्हे.

करून पाहा

जांभळाचा जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. चार-पाच जांभळांच्या साली थोड्या पाण्यात उकळा आणि पाणी गाळून दोन पेल्यांत घ्या. एकात लिंबाचा रस व दुसऱ्यात खाण्याच्या सोड्याचे पाणी थेंबथेंब टाका. दोन्ही पेल्यांतील रंगांची तुलना करा. लिटमस कागदाशी याचे काय साम्य आहे?

आणि हो, रानात गेलात तर अनोळखी फळ तोंडात टाकू नका. आधी जाणत्या माणसाला दाखवा, मग धुऊन खा.