मदतीची पानं, आपल्या सोयीनं!

दोस्तांनो, २०१९ चा ऑगस्ट आठवतोय? धाकट्यांनी आईबाबांना विचारावं. पंचगंगेला महापूर आला, हायवे बंद पडला आणि कोल्हापूरची वाट काही दिवस तुटली. अशा वेळी नेट गेलं आणि लॅपटॉपवर काम अडलं, तर विचारायचं कुणाला?

लिनक्सवाल्यांचे गुरुजी यंत्रातच बसलेले असतात! टर्मिनलच्या खिडकीत एम-ए-एन, म्हणजे 'मॅन' लिहायचं (हे मॅन्युअलचं लघुरूप बरं का, माणसाशी संबंध नाही!), जागा सोडून आज्ञेचं नाव, मग एन्टर. पुस्तिकेचं पान हजर! ही पद्धत लिनक्सहून जुनी. युनिक्सची पहिली पुस्तिका केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये काढली. लिनक्स आलं १९९१ मध्ये.

पण खरं सांगू? पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा मी गोंधळूनच गेलो. बंद कसं करायचं तेही कळेना! (क्यू दाबायचा.) ओळी तर या टोकापासून त्या टोकापर्यंत, रंकाळ्याच्या काठासारख्या लांबच लांब. एका ओळीवरून दुसरीवर येताना डोळा चुकायचा.

यावर सोपा उपाय आहे. 'मॅनविड्थ' हा शब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, सलग लिहा. पुढे जागा न सोडता बरोबरचं चिन्ह आणि इंग्रजी आकड्यांत ६०. मग जागा सोडून नेहमीची मॅन आज्ञा. आता ओळ साठ अक्षरांच्या आसपास वळते आणि पान वर्तमानपत्राच्या रकान्यासारखं सुटसुटीत दिसतं.

हे फक्त त्या वेळेपुरतं. कायमचं हवं असेल, तर आपल्या होम फोल्डरमधल्या 'डॉट बॅशआरसी' फाइलच्या शेवटी 'एक्स्पोर्ट' लिहून तेच नाव-आकडा टाकायचं आणि टर्मिनल नव्यानं उघडायचं. शाळेच्या संगणकावर मात्र सरांना विचारल्याशिवाय नको हं! तिथं तुमच्यामागून दुसरा कुणीतरी बसणार असतो.

पान दाखवण्याचं काम बहुधा 'लेस' नावाचा प्रोग्रॅम करतो. स्पेसबार दाबला की पुढचं पान. तिरपी रेघ देऊन शब्द लिहिला की शोध. वाचता वाचता वजाचं चिन्ह, कॅपिटल एन आणि एन्टर दाबा, प्रत्येक ओळीला क्रमांक मिळतो. मग फोनवरून मैत्रिणीला "चाळिसावी ओळ बघ गं" असं सांगता येतं. फक्त तिच्याकडेही ओळीची रुंदी तेवढीच हवी, नाहीतर तिची चाळिसावी ओळ वेगळीच निघायची!

आणि हो, एकदा 'मॅन मॅन' असं लिहून पाहा. पुस्तिकेचीच पुस्तिका उघडते!