नोंदी नव्या कोठारात नेताना

धान्य एका कणगीतून दुसरीत भरावयाचे झाल्यास जाणता शेतकरी आधी माप घेतो, नवी कणगी तपासतो आणि भरून झाल्यावर पुन्हा माप घेतो. शेतकऱ्यांच्या नोंदी संगणकावरील एका कोठारातून दुसऱ्यात नेतानाही हीच रीत पाळावयास हवी. अनुदान व नुकसानभरपाई या नोंदींवरून दिली जाते. एक नोंद बिघडली, तर एका घराचा हक्क बुडतो.

या कोठारास डेटाबेस म्हणतात. एका तक्त्यात खातेदार, दुसऱ्यात गट, तिसऱ्यात पिके, आणि खातेक्रमांकाने हे तक्ते परस्परांशी जोडलेले, अशी त्याची रचना असते. ही पद्धत कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली मांडली. मायएसक्यूएल व पोस्टग्रेएसक्यूएल या तिच्यावर आधारलेल्या दोन प्रणाली होत. दोहोंची भाषा बरीचशी सारखी असली तरी शिस्त निराळी आहे. पहिलीतून दुसरीत नोंदी नेताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. पेरणीची तारीख ठाऊक नसल्यास मायएसक्यूएलच्या सैल मांडणीत तेथे सर्व शून्ये राहू शकतात. पोस्टग्रेएसक्यूएल अशी तारीख स्वीकारत नाही. तेथे अंदाजाने तारीख न घालता रकाना रिकामा ठेवावा.

२. नेण्यासाठी काढलेली फाईल मध्येच स्प्रेडशीटमध्ये उघडून साठवू नये. तसे केल्यास गट क्रमांक ५/२ याची तारीख बनते आणि बँक खात्याच्या आरंभीची शून्ये गळतात. हे दोन्ही रकाने अंक म्हणून न ठेवता मजकूर म्हणून ठेवावेत.

३. पावतीपुस्तक बदलल्यावर पुढचा क्रमांक जेथे थांबला तेथून धरावा लागतो. तद्वत नव्या प्रणालीतील आपोआप पडणारा क्रमांक जुन्या शेवटच्या क्रमांकापुढे नेऊन ठेवावा. अन्यथा नवी नोंद जुन्या क्रमांकावर आदळून नाकारली जाते.

प्रथम नोंदींच्या प्रतीवर रंगीत तालीम घ्यावी. प्रत्यक्ष स्थलांतराच्या वेळी नव्या नोंदी घेणे थांबवावे. त्यानंतर प्रत्येक गावाची खातेदारसंख्या आणि हेक्टर-आर क्षेत्राची बेरीज दोन्हीकडे जुळवावी. संख्या जुळली म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नये. नोंदी तितक्याच राहूनही आतील मजकूर बदललेला असू शकतो.

येथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे साहाय्य मोलाचे ठरते. त्याने प्रत्येक गावातील काही नोंदी निवडून त्या त्या खातेदाराला नाव, गट, क्षेत्र व पीक वाचून दाखवावे, आणि बँक खाते त्याच्या पासबुकाशी ताडून पाहावे. पोटहिस्सा असलेले गट व सामाईक खाती यांतून वगळू नयेत. शेतकरी बंधूंनीही आपला सातबारा जवळ ठेवून तफावत आढळताच ती लेखी कळवावी.

ही पडताळणी पुरी होईपर्यंत जुने कोठार मोडू नये. त्याची एक प्रत निराळ्या जागी जपून ठेवावी. बियाणे उगवल्याची खात्री झाल्याखेरीज राखून ठेवलेले बी कोणी विकत नाही.