पालक आणि वयात येणारी मुलं : पहिलं पाऊल कुणाचं?

मागे दाराशी उभी असलेली तरुण मंडळी, आत येऊन बसा. आज तुमच्याविषयीच बोलायचं आहे, आणि कुणाविषयी त्याच्या पाठीमागे बोलणं बरं नव्हे.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आधी शब्द तपासायची खोड आहे. ‘घट्ट नातं’ म्हणजे काय? ज्या घरात कधी आवाज चढत नाही, ते? तसं असेल तर आपल्यापैकी कुणाचंच नातं घट्ट ठरणार नाही. पंधरा-सोळा वर्षांचं मूल आहे आणि वाद नाही, असं घर आम्ही तरी पाहिलेलं नाही.

मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याच्याशी मित्रासारखं वागावं, हे सुभाषित आपण सगळे ऐकत आलो. पण त्यात एक अडचण आहे. त्याआधीची दहा वर्षं धाकात ठेवा, असंही तेच सुभाषित सांगतं! दहा वर्षं ज्याला नुसता हुकूम दिला, त्याला सोळाव्या वाढदिवशी ‘चल, आता आपण मित्र’ म्हटलं, तर तो विश्वास कसा ठेवील? शिवाय बाप हा मित्र नसतोच. फी बाप भरतो, परवानगी बाप देतो. सत्ता त्याच्याकडे आहे. ती नाही असं भासवू नये. ती कशी वापरतो, ते पाहावं.

आता आपल्याच तालुक्यातलं उदाहरण घेऊ. साने गुरुजींचा जन्म पालगडचा, २४ डिसेंबर १८९९. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातली पोहण्याची गोष्ट आठवा. श्याम तेव्हा लहान. पोहायला जायची भीती वाटते म्हणून माळ्यावर लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि पाठवते. मारण्याचं समर्थन आम्ही करत नाही. आज तर शाळेतसुद्धा शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. पण गोष्ट माराशी संपत नाही, हे लक्षात घ्या. नंतर तीच आई त्याच्याजवळ येते. तिच्या डोळ्यांत पाणी असतं, आणि आपण असं का वागलो ते ती त्याला समजावून सांगते. आई गेली १९१७ साली. गुरुजी तेव्हा शिकायला दूर होते. पंधराहून अधिक वर्षांनी तुरुंगात बसून त्यांना आईचं हे जवळ येणंही आठवलं.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच आहे : नातं भांडण टाळून घट्ट होत नाही, भांडणानंतर परत येऊन होतं. आणि परत येण्याचं पहिलं पाऊल मोठ्यानं टाकायचं असतं.

मोठ्यानंच का? एक कारण शरीराचं. मेंदूचा कपाळामागचा भाग, जो आपल्याला थांबवतो, आवर घालतो, तो साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणजे भांडणात दोघांपैकी एकाचा लगाम अजून तयार व्हायचा आहे. दुसरं कारण नीतीचं. ज्याच्या हाती सत्ता जास्त, त्याच्यावर जबाबदारी जास्त.

आता स्वतःचं सांगतो. आमची मुलगी सोळा वर्षांची असताना तिच्या दप्तरात एक वही सापडली. आम्ही ती वाचली. त्यात लिहिलं होतं, ‘बाबांना सगळं माहीत असतं, म्हणून त्यांना काही सांगायची सोयच नाही.’ आम्ही तिला जाब विचारला, तोही तिच्या आजीसमोर. त्या काळात सकाळी वर्गात आम्ही कांट शिकवत होतो. माणसाला साधन म्हणून वापरू नका, त्याचा मान ठेवा, वगैरे. आणि संध्याकाळी घरी हे. पुढे चार महिने ती ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलली.

माफी आम्ही तीनदा मागितली. ‘माझं चुकलं, पण तूही...’ हा ‘पण’ आला की माफीचा पुन्हा आरोप होतो. शेवटी एका संध्याकाळी ती पुस्तकांना कव्हरं घालत होती. आम्ही शेजारी बसून कागद कापायला लागलो आणि म्हणालो, ‘वही वाचली, ते चूक होतं. आजीसमोर बोललो, तेही.’ आणि गप्प बसलो. तीही काही बोलली नाही, फक्त कात्री पुढे सरकवली. बोलणं त्यानंतर हळूहळू सुरू झालं. वही मात्र तिनं पुन्हा कधी लिहिली नाही. सगळं भरून येतंच असं नाही, म्हणून उशीर करू नये.

तुम्ही म्हणाल, सर, माफी मागितली तर पोरं डोक्यावर बसतील. इथे फरक करा. नियम वेगळा, अपमान वेगळा. रात्री दहानंतर मोबाईल नाही, हा नियम राहू द्या. पण मित्रांसमोर तो हिसकावून घेतलात, तर त्या हिसकावण्याची माफी मागा. नियम तसाच राहतो, आणि मुलाला कळतं की नियम बापालाही लागू आहेत.

आणि समोरासमोर बसवून ‘बोल आता’ म्हणू नका. ती चौकशी होते. हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. एरवी समुद्रावर असणारे बाप या दिवसांत घरी असतात, जाळी दुरुस्त करत बसतात. मुलाला, मुलीलाही, शेजारी बसवा. फाटलं म्हणून जाळं कुणी फेकून देत नाही, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं! एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर माहीत नाही. मग ऐका. ऐकणं म्हणजे मान्य करणं नव्हे.

एक इशारा मात्र देतो. मूल खाणंपिणं सोडून कोंडून घेत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर हे वयाचं वागणं म्हणून थांबू नका. डॉक्टरांकडे न्या. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मुलांसाठी १०९८ आहे. हे क्रमांक मुलांनीही लिहून घ्यावेत.

आज घरी गेल्यावर कुणाशी अबोला असेल, तर ‘पण’ न लावता एक वाक्य बोलून पाहा. उत्तर लगेच आलं नाही, तरी तिथून उठू नका. आता प्रश्न घेऊ, आणि पहिला प्रश्न मागच्या रांगेतून येऊ द्या.