कॉम्प्रेसरच्या तोंडाशी येणारी हवा

रायपूरच्या गुढियारीहून उत्तरेला निघालं की भनपुरी, उरला, सिलतरा असा कारखान्यांचा पट्टा लागतो. स्पंज आयर्न आणि रोलिंग मिलच्या या मुलखात हवेत धूळ असते आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो. अशा ठिकाणी सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसर निवडताना बराच खल होतो, पण त्याचा सक्शन पाइप जागेवर जमेल तसा वळवून जोडला, तर चांगलं मशिनही मार खातं.

गैरसमज : कॉम्प्रेसर हवा ओढून घेतोच, पाइप कसाही वळवा.

वस्तुस्थिती : इम्पेलरला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या फिरत्या चाकाला, हवा सगळीकडून सारख्या वेगाने आणि गिरकी न घेता मिळावी लागते. बेंडमधून जाताना ती बाहेरच्या कडेला दाटते, आतल्या कडेला भिंत सोडून घोटाळते. लागोपाठचे दोन बेंड वेगवेगळ्या दिशांना वळले, तर हवेला पीळ बसतो. हा पीळ इम्पेलरच्या दिशेने असेल तर दाब कमी तयार होतो. उलटा असेल तर मोटरवर भार वाढतो, पात्यांवर हवा चुकीच्या कोनात आदळते आणि मशिन लवकर सर्जमध्ये जातं, म्हणजे हवा उलटी फिरून ते हादरतं. मग दोष पाइपमध्ये असताना लोक कंट्रोल पॅनेल तपासत बसतात! शेवटच्या बेंडनंतर पाइपच्या व्यासाच्या तीन ते पाच पट सरळ लांबी ठेवावी. बेंड मोठ्या त्रिज्येचे असावेत, रिड्यूसर हळूहळू निमुळता होणारा.

गैरसमज : पाइप बारीक केला की वेग वाढतो, म्हणून हवा जास्त मिळते.

वस्तुस्थिती : तेवढ्याच हवेसाठी ४०० मिमीऐवजी ३०० मिमीचा पाइप टाकला, तर वेग सुमारे १.८ पट होतो आणि बेंडमधला दाबाचा तोटा तिपटीहून अधिक. तोंडाशी दाब जितके टक्के घटतो, साधारण तितके टक्के हवाही वजनाने कमी मिळते.

गैरसमज : मशिनच्या खोलीतलीच हवा घेतली तर काय बिघडलं?

वस्तुस्थिती : २० अंशांच्या मानाने ४५ अंशांची हवा सुमारे ८ टक्के हलकी असते, आणि खोलीत तर ती आणखी तापते. फिल्टर बाहेर, सावलीत, उंचावर बसवावा; भट्टीच्या धुळीपासून आणि कूलिंग टॉवरच्या वाफेपासून दूर.

फिल्टरनंतरचा पाइप साध्या लोखंडाचा कधीच नको. तो आतून गंजतो आणि सुटलेले पापुद्रे थेट इम्पेलरवर जातात, कारण त्यांना अडवायला पुढे फिल्टर नसतो. इथे स्टेनलेस स्टीलसारखं न गंजणारं साहित्य हवं.

मशिनची ऑर्डर देतानाच सक्शन लाइनचं ड्रॉइंग उत्पादकाकडून तपासून घ्या. पाइप उभा राहिल्यावर नव्हे.