काळा तेवढा कडकनाथ नव्हे

मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागात भिल्ल-भिलाल्यांच्या अंगणात वाढलेल्या या कोंबडीला तिथले लोक ‘कालामासी’ म्हणतात. बाहेर ती कडकनाथ म्हणून गाजली. पिसे, चोच, नखे, कातडी, मांस, इतकेच काय, हाडांवरचे पातळ आवरणही काळे. रक्त मात्र लालच, आणि अंडे फिकट बदामी. कोणी काळे अंडे दाखवून जादा पैसे मागत असेल, तर तो खुशाल गंडवतो आहे.

वर्षाला शंभराच्या आसपास अंडी, ती उबवायलाही कोंबडी नाखूश! म्हणून टोपलीत गवत अंथरून तिची अंडी दुसऱ्या एखाद्या खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवतात. २१ दिवसांनी काळी पिल्ले त्या परक्या आईमागून उकिरडा उकरत फिरतात. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो. कडकनाथ कोंबड्याला तेवढे वजन भरायला कित्येक महिने लागतात. तेव्हा नुसत्या वजनाच्या हिशेबात तो हरणारच.

हा काळेपणा एका जनुकीय बदलातून येतो. गुणसूत्राच्या एका तुकड्याची जादा नक्कल होते आणि अंगभर रंगपेशी पसरतात. चीनच्या सिल्कीत आणि इंडोनेशियाच्या अयाम चेमानीतही हाच बदल आहे. खरी मेख पुढे आहे. हा गुण प्रभावी असल्याने आई-बापांपैकी एकाकडून आला, तरी पिल्लू बऱ्यापैकी काळे निघू शकते. त्यामुळे बाजारात संकर सहज खपतो, आणि वाण मात्र आतून विरत जाते.

कळपाचा आकडाही फसवा असतो. शंभर कोंबड्यांमागे दोनच कोंबडे ठेवले, तर वंशवैविध्याच्या हिशेबाने तो कळप जेमतेम आठ पक्ष्यांच्या तोलाचा ठरतो. दहा कोंबडे ठेवले तर छत्तिसाच्या. कोंबडे जास्त पोसणे म्हणजे खाद्याचा खर्च, म्हणून हीच काटकसर आधी होते. शिवाय गायी-म्हशींचे भ्रूण गोठवून ठेवतात तशी सोय कोंबडीच्या अंड्यात नाही. वाण राखायचे तर प्रामुख्याने जिवंत पक्षीच पाळावे लागतात, नोंदी ठेवून, पिढ्यान् पिढ्या.

झाबुआत सरकारी पैदास केंद्र १९७८ पासून आहे. २०१८ मध्ये तिथल्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले, पण तेही मांसाला. मागणी वाढली, आणि पाठोपाठ हावही. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्यांनी याचा चटका सोसला: पक्षी-अंडी परत विकत घेण्याच्या हमीवर पैसे गुंतवले, योजना कोसळली आणि शेडमधले काळे पक्षी घेऊन ते पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढले.

पिल्ले घ्यायची असतील तर रंग शेवटी पाहावा. आधी विचारावे: पैदास कुठली, कळपात कोंबडे किती, आणि नोंदवही दाखवता का?