मुखपृष्ठावरचे भूत कोणाचे?

मुलांच्या भयकथांचे मुखपृष्ठ हे चित्रकाराच्या धंद्यात हलके काम मानले जाते. एक वड, एक कवटी, अर्धा चंद्र आणि केस सोडलेली बाई एवढ्यावर ते भागते. पैसेही त्याच मानाने मिळतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या लहान प्रकाशकांसाठी मी अशी मुखपृष्ठे करीत आलो आहे. या कामाविषयी आपल्या वाचकांपुढे काही मांडावे असे बरेच दिवस मनात होते. कारण मूल अक्षर ओळखण्याआधी चित्र ओळखते. कोणाला भ्यावे, कोणाच्या सावलीपासून दूर पळावे, याचा पहिला धडा त्याला मुखपृष्ठावरच मिळतो.

आपल्याकडच्या भुतांना जात आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याने शाळामास्तरांकडून लोकसमजुती जमवायला सुरुवात केली होती. १९०९ साली त्याचा खून झाला. पुढे एन्थोव्हेनने ती टिपणे छापली, त्यातला कोकणावरचा भाग १९१५ चा. तिथली भुतांची वर्गवारी वाचताना आपण खानेसुमारीचा तक्ता वाचतो आहोत असा भास होतो. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी मेला असा ब्राह्मण मुलगा तो मुंजा, त्याला राहायला पिंपळ. लग्न होऊन मेलेला शूद्र तो देवचार. कोळी-खारव्यांचा झोटिंग. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणाच्या दहा दिवसांत गेली तर हडळ. आणि मुसलमान किंवा महार-मांग मेला तर खवीस. म्हणजे मेल्यावरही गावकूस सुटत नाही! ही माहिती पुरवणारे मास्तर बहुतेक कोणत्या आळीतले असत, हे वाचकांना सांगायला नको.

हा रोग एकट्या महाराष्ट्राचा नाही. बंगालातही ब्रह्मदैत्य ब्राह्मणाचा आणि मामदो मुसलमानाचा. पण तिथे सत्यजित राय यांनी १९६९ च्या ‘गुपी गायन बाघा बायन’ या मुलांच्या चित्रपटात राजे, शेतकरी, गोरे साहेब आणि पोट सुटलेले लठ्ठ लोक असे भुतांचे चार वर्ग केले, त्यांना नाचायला लावले आणि शेवटी आपसात लढवले. मुले हसली, आणि वर्ग म्हणजे काय तेही त्यांनी पाहिले. मराठी मुखपृष्ठाने असे धाडस केलेले माझ्या पाहण्यात नाही.

आता मुखपृष्ठावरच्या त्या ठरावीक भुताकडे नीट पाहा. काळाकभिन्न देह, खांद्यावर घोंगडी, हातात काठी किंवा पेटती चूड, उभा कुठे तर वेशीबाहेर, वेळ मध्यरात्रीची. हा माणूस मला ओळखीचा वाटतो. हा गावगाड्यातला वेसकर आहे. रात्रीची राखण त्याची, मयताची खबर परगावी पोचवणे त्याचे, सरणाची लाकडे वाहणे त्याचे, मेलेले ढोर ओढणे त्याचे. ज्या वेळी बाकी गाव कड्या लावून झोपत असे त्या वेळी अंधारात उभे राहण्याची सक्ती ज्याच्यावर होती, त्याचेच रूप पुढे अंधाराला चिकटवले गेले. १९५८ च्या कायद्याने वतन गेले, पण मुखपृष्ठावरच्या वेसकराची नोकरी संपलेली नाही.

ठाण्यातल्या एका प्रकाशकाने माझ्या चित्रातले भूत परत पाठवले होते. “रंग अजून काळा करा, ओठ जाड करा, जरा झोपडपट्टीतला वाटू द्या, पोरं घाबरली पाहिजेत,” असा निरोप होता. त्यात त्याला काही वावगे वाटत नव्हते हे विशेष. मी त्याला विचारले, तुमच्या पुस्तकाची ग्राहक मुले झोपडपट्टीतही राहतात, त्यांनी आरशात पाहून घाबरावे काय? ते काम दुसऱ्याकडे गेले.

बाईच्या बाबतीत तर हा प्रकार चित्रापुरताही राहत नाही. चेटकीण म्हणून आम्ही जी काढतो ती म्हातारी, सुरकुतलेली, एकटी, दारिद्र्याने वाळलेली असते. आदिवासी पाड्यांवर अशाच एकट्या बायकांना भुताळी ठरवून मारहाण झाली आहे. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला होता. एखाद्याला करणी करणारा, सैतान ठरवून त्याचे जगणे मुश्किल करणे या कायद्याने गुन्हा आहे. मुखपृष्ठावर मात्र आम्ही तीच बाई दर हंगामाला नव्याने रंगवतो.

या रूपामागे तंत्राचाही वाटा आहे, तो सांगितला पाहिजे. ट्रेडल मशीन आणि जस्ताचे ठसे यांच्या काळात प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा करावा लागे आणि प्रत्येक रंगासाठी कागद यंत्रातून पुन्हा काढावा लागे. स्वस्त बालपुस्तकाला दोन रंग परवडत, काळा आणि आणखी एक. तो दुसरा रंग भयकथेला लाल. म्हणून भूत काळे आणि डोळे-जीभ लाल ही जोडी बसली, ती मुळात काटकसरीतून. पण काटकसरीला पूर्वग्रहाची साथ मिळाली की तिची परंपरा होते. ऑफसेट आले, चार रंग आले, संगणक आला, हवा तो रंग फुकट मिळू लागला, तरी भूत काळेच राहिले. (चार रंगांत नुसता काळा छापला तर तो करडा, मातकट दिसतो. त्याच्याखाली निळ्याचा थर द्यावा लागतो, तेव्हा कुठे रात्र रात्रीसारखी दिसते. रात्रीत निळा किती असतो हे मला छापखान्यात कळले.)

अक्षरांचेही तसेच. रोमन अक्षरांतून रक्त ठिबकवण्याची इंग्रजी पुस्तकांची रीत आपण उचलली. देवनागरीत ती घातक आहे. शिरोरेघेवरून ओघळ खाली आला की तो काना वाटतो, अक्षराच्या पायाशी थेंब लोंबला की उकार वाटतो. नुकते वाचायला लागलेले पोर ‘मत’चे ‘मुत’ वाचते आणि वर्गात हशा होतो. ज्याच्या घरात वाचणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या मुलाला हा हशा जास्त लागतो. म्हणून मी शीर्षक साधे, ठळक ठेवतो. वाटल्यास शिरोरेघ एका ठिकाणी तडकवतो, तेवढे पुरते.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतील की भुतांची पुस्तकेच नकोत. मला ते पटत नाही. अंधार पोरांना दिसतोच, आणि गोष्टीतली भीती ही पुस्तक मिटून संपवता येणारी भीती आहे. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातलं सोनं’ ही कथा आठवा. खाण बंद पडलेला भीमा रात्री स्मशानात प्रेतांवरचे सोने शोधतो. कोल्ह्यांशी झुंजतो, प्रेताच्या जबड्यात बोटे गमावतो. त्या कथेत भूत कुठे नाही, पोट आहे. याहून भयंकर मराठी कथा मला माहीत नाही. याच्या उलट ‘चांदोबा’तले विक्रम-वेताळाचे प्रसिद्ध चित्र पाहा. शंकर या नावाने काढणाऱ्या के. सी. शिवशंकरन यांचा हात अफाट होता. खांद्यावर प्रेत, हाती तलवार, पायाशी कवट्या, आणि स्मशानात चालता माणूस एकच, तो राजा. ते स्मशान ज्याच्या घामाने चालते तो भीमा चित्रात नाही.

मग काढायचे काय? माझे उत्तर असे की भीती माणसाच्या देहातून काढून जागेत ठेवावी. आमच्या भागातल्या मुलाला वडाचा पार क्वचितच भेटतो. त्याला चाळीच्या जिन्याखालची जागा भेटते, गच्चीवरच्या टाकीतला आवाज भेटतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला एक रस्ता २०२० च्या फेब्रुवारीत रसायनांनी गुलाबी झाला होता. तो रस्ता आहे तसा काढला तरी कोणा हडळीची गरज नाही. अर्धवट उघडे झाकण असलेले गटार आणि काठावर काढून ठेवलेल्या चपला, असे एक चित्र माझ्या फाइलमध्ये पडून आहे. प्रकाशक म्हणतात, हे मुलांचे नाही. ज्या मुलांचा बाप त्यात उतरतो त्यांना कोणी विचारलेले नाही.

एक चित्र मात्र छापले गेले. ठाणे आणि दिवा यांच्यामध्ये पारसिकचा बोगदा आहे, १९१६ साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब. अनेक वर्षे जलद लोकल त्यातूनच धावत आणि डब्यातली बोलणी बोगद्याच्या आवाजात बुडून जात. मी रिकामा डबा काढला. खिडक्यांबाहेर निळा-काळा अंधार. वरची सगळी हँडल गाडीच्या हेलकाव्याने एका बाजूला झुकलेली, फक्त मधले एक हँडल खाली सरळ ताणलेले, कोणीतरी धरल्यासारखे. हात काढला नाही. प्रकाशकाने विचारले, भूत कुठे आहे? त्याच्या टेबलाशी उभ्या असलेल्या, शाळेतून आलेल्या मुलीने त्या हँडलवर बोट ठेवले आणि लगेच मागे घेतले.