खांद्याचा दोर : कापावा की बांधावा?



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो. स्वतःच्या खांद्याकडे मात्र बघत नाही. सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो. तो पाठीवर, अन् एका हाताने दांडा सारखा चालू. वरून कापसाची गाठोडी, खताचे कट्टे. मी शेतकी खात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण हे दुखणे शेतीचेच आहे, म्हणून सांगतो.

दंडाची बेंडकुळी वर खांद्याशी दोन दोरांनी बांधलेली असते. डॉक्टर त्यांना कंडरा म्हणतात. लांब दोर हाडाच्या खाचेतून सांध्यात जातो. विहिरीच्या काठाला दोर झिजावा तसा तो झिजतो. मग खांदा पुढून दुखतो, ओझे उचलताना कळ येते.

लगेच शस्त्रक्रिया लागत नाही. विश्रांती, गोळ्या, व्यायाम, गरज पडल्यास इंजेक्शन, एवढ्याने पुष्कळांचे भागते. तीन-चार महिन्यांत उतार पडला नाही, तर दोन मार्ग असतात. दोन्ही बहुधा दुर्बिणीने, लहान छिद्रांतून करतात.

१. दोर कापून मोकळा सोडणे : हात लवकर कामाला लागतो. दुसरा दोर शाबूत असल्याने हात निकामी होत नाही. पण दंडावर गोळा दिसू शकतो, जड कामात दंड भरून येतो, पिळण्याची ताकद थोडी घटते.

२. दोर कापून दंडाच्या हाडाला बांधणे : आकार व ताकद बरी टिकते. पण सुमारे सहा आठवडे वजन उचलायचे नाही, अन् जड कामाला तीन-चार महिने थांबायचे.

दुखणे दोन्हींनी जवळपास सारखेच कमी होते. वयस्कर, हलके काम करणाऱ्याला बहुधा पहिला मार्ग सुचवतात. अंगमेहनतीच्या माणसाला दुसरा. शेजारचा स्नायू फाटला असेल तर तोही शिवतात. मग थांबणे वाढते.

म्हणून डॉक्टरांना नुसते ‘खांदा दुखतो’ म्हणू नका. पंप मारतो, कट्टे उचलतो, घरी दुसरा कर्ता हात आहे की नाही, सगळे सांगा. वेळही शेतीची बघून ठरवा. कापूस निघाल्यावर फेब्रुवारीत शस्त्रक्रिया केली, तर मृगाच्या पेरणीपर्यंत हात बहुधा तयार होतो. मृगाच्या तोंडावर करून महिन्याभरात डवरा धरला, तर बांधलेला दोर सुटू शकतो.

मात्र पडल्यावर हात वर उचलेनासा झाला, किंवा दंडात ‘कट्’ होऊन गोळा आला, तर हंगाम बघू नका, लगेच दाखवा. खांदेदुखीसोबत छाती दाटून घाम सुटला, तर ते हृदयाचे असू शकते. क्षणभरही थांबू नये.

आधी कळंबच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. पुढे यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभाग आहे. शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, ते तेथील आरोग्यमित्राला आधीच विचारावे.